चष्म्याच्या दुकानांतील ग्राहक व कर्मचाऱ्यांच्या माहितीचे संरक्षण : प्रकल्प नोंदी, नाशिक

सोमवार, ५ जानेवारी २०२६

प्रकल्पाची व्याप्ती आज दोन्ही मालकांच्या बैठकीत ठरली. मेन रोड, कॉलेज रोड आणि सिडको येथील तीन दुकाने, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील लेन्स फिटिंगचे वर्कशॉप आणि मेन रोडच्या दुकानामागची हिशेबाची खोली, एवढ्या ठिकाणी ग्राहकांची आणि कर्मचाऱ्यांची कोणती माहिती साठलेली आहे, ती कोण पाहू शकते आणि ती ठेवण्याचे कारण काय, याची पाहणी करून गुढीपाडव्यापूर्वी, म्हणजे १९ मार्चच्या आत, व्यवस्था लावायची आहे. नोंदी मी कार्यालय व्यवस्थापक या नात्याने ठेवत आहे.

निमित्त अर्थातच कायद्याचे आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि व्यावसायिकांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये, लागू होतील. 'मग आतापासून कशाला?' हा धाकट्या मालकांचा प्रश्न रास्त होता. त्याला मी दोन उत्तरे दिली. नवा कायदा पूर्णपणे लागू होईपर्यंत माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ४३ अ आणि २०११ चे नियम लागू आहेतच. त्यांत वैद्यकीय नोंदी, बँकेचे तपशील आणि बोटांच्या ठशांसारखी बायोमेट्रिक माहिती संवेदनशील मानलेली आहे, आणि एकमालकी धंदासुद्धा त्यांच्या कक्षेत येतो. दुसरे कारण नाशिकचे आहे. मे २०२७ नंतर लगेच सिंहस्थाची पर्वस्नाने येतात, पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे, आणि त्या हंगामात मेन रोडवरच्या कोणत्याही दुकानदाराला मान वर करायला फुरसत मिळणार नाही.

सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हा आकडाही बैठकीत निघाला. त्यावर फार वेळ घालवू नये असे माझे मत आहे. ती कमाल मर्यादा आहे, आणि दंड ठरवताना चुकीचे गांभीर्य, तिचा कालावधी, माहितीचे स्वरूप आणि नुकसान कमी करण्यासाठी काय केले, हे या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाने पाहायचे आहे. एवढ्या मोठ्या आकड्याने लहान दुकानदार घाबरतो खरा, पण तो आपल्यासाठी नाहीच असे समजून दुसऱ्या दिवशी विसरूनही जातो.

गुरुवार, ८ जानेवारी

ग्राहकाची माहिती दुकानात शिरल्यापासून कोठे कोठे जाते, ते आज सिडकोच्या दुकानात बसून पाहिले.

ग्राहकाचे डोळे तपासल्यावर ऑप्टोमेट्रिस्ट जॉब कार्ड भरतात. त्यावर नाव, मोबाइल नंबर, जन्मतारीख, पत्ता, दोन्ही डोळ्यांचे नंबर, सिलिंडर, अ‍ॅक्सिस, पीडी (दोन बाहुल्यांमधले अंतर), फ्रेमचा क्रमांक, लेन्सचा प्रकार, एकूण रक्कम, आगाऊ रक्कम आणि 'शेरा' असा रकाना असतो. शेऱ्यात 'मधुमेह', 'मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली' असे लिहिलेले असते, कारण लेन्स निवडताना ते उपयोगी पडते. हेच कार्ड फ्रेमसह पाकिटात घालून, पाकिटावर पुन्हा नाव आणि मोबाइल नंबर लिहून, ते रोज दुपारी दुचाकीवरून अंबडला जाते. लेन्स साठ्यात नसेल, तर संपूर्ण कार्डाचा फोटो काउंटरवरच्या मुलाच्या स्वतःच्या मोबाइलवरून मुंबईच्या लेन्स पुरवठादाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. त्या ग्रुपवर इतर शहरांतील दुकानदारही आहेत.

वर्कशॉपमध्ये फिटिंग करणाऱ्या ज्येष्ठ कारागिरांना विचारले, 'काका, यातले तुम्हाला काय लागते?' त्यांनी पाकीट उलटे धरून दाखवले: नंबर, अ‍ॅक्सिस, पीडी, फ्रेम आणि कधी द्यायचे ती तारीख. 'बाईंचं नाव काय आणि त्यांना साखर आहे का, हे मला काय करायचंय?' असे ते म्हणाले. प्रकल्पाचा पहिला निर्णय त्यांच्या या वाक्यावरूनच झाला. जॉब कार्डाचे दोन भाग होतील. वरचा भाग, ज्यावर ओळख पटवणारा तपशील आणि शेरा आहे, तो दुकानातच राहील. खालच्या भागावर केवळ जॉब क्रमांक आणि तांत्रिक तपशील असेल, आणि पाकिटाबरोबर तोच जाईल. पुरवठादाराला फोटो न पाठवता जॉब क्रमांक आणि लेन्सचा तपशील टंकून पाठवायचा आहे. यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर घ्यावे लागत नाही. छापखान्याला कार्डाच्या मधोमध छिद्ररेषा मारायला सांगावी लागते, इतकेच.

पाहणीत एक गोष्ट समाधानाची आढळली. ग्राहकांच्या कार्डांचे क्रमांक आपल्याकडे कोठेही साठवलेले नाहीत. पैसे घेण्याचे यंत्र बँकेचे आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनाही कार्डाचा पूर्ण तपशील जपून ठेवता येत नाही.

मंगळवार, १३ जानेवारी

उद्या संक्रांत. दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे 'तिळगूळ घ्या, गोड बोला' असा संदेश आणि त्याखाली फ्रेमवरच्या सवलतीची जाहिरात, सगळ्या ग्राहकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तयारी कॉलेज रोडच्या दुकानात चालू होती. मी ती थांबवली. त्यावर थोरल्या मालकांना वाईट वाटले, आणि ते मी समजू शकतो. सणाच्या शुभेच्छा देण्यात गैर ते काय, हा त्यांचा प्रश्न भाबडा नाही.

माझा आक्षेप शुभेच्छांना नव्हता. चष्मा तयार झाल्याचा निरोप मिळावा म्हणून ग्राहकाने नंबर दिला आणि तो आपण जाहिरातीसाठी वापरला, तर ज्या कामासाठी माहिती घेतली त्याहून वेगळे काम आपण तिच्याकडून करून घेतले. नव्या कायद्यात संमती ही मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कामापुरती, पूर्ण माहिती देऊन घेतलेली, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी लागते, आणि ती देणे जितके सोपे तितकेच ती काढून घेणेही सोपे असावे लागते. शिवाय हे संदेश ज्या फोनवरून जाणार होते तो दुकानाचा नव्हता. विक्रेत्या मुलीच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये ग्राहकांचे क्रमांक जतन केलेले होते, तेही 'जोशी काकू प्रोग्रेसिव्ह', 'देवळाली साहेब रिमलेस' अशा नावांनी. तिचा यात काही दोष नाही. तिला दुसरे साधन दिलेले नव्हते.

हा धोका काल्पनिक नाही. गेल्या वर्षी एक विक्रेता नोकरी सोडून दुसऱ्या दुकानात गेला आणि त्यानंतर आपल्या जुन्या ग्राहकांना त्या दुकानातून फोन येऊ लागले. तेव्हा सगळ्यांनी त्याच्या बेइमानीला बोल लावला. पण क्रमांक त्याच्या फोनमध्ये आपणच ठेवू दिले होते आणि तो गेला तेव्हा ते परत घेण्याची कोणतीही रीत आपल्याकडे नव्हती.

निर्णय असा झाला की प्रत्येक दुकानाला एक वेगळा फोन आणि एक सिम द्यायचे. ग्राहकांशी संपर्क त्यावरूनच होईल आणि तो फोन रात्री दुकानातच राहील. वैयक्तिक फोनमधले क्रमांक महिनाअखेरपर्यंत प्रत्येकाने मालकांच्या समक्ष काढून टाकायचे. मेन रोडच्या दुकानात व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आधीपासून आहे. त्याची जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली, तर त्यात विकून टाकलेला एक जुना लॅपटॉप अजूनही जोडलेला दिसत होता. तो तेथल्या तेथे काढला.

सोमवार, १९ जानेवारी

हिशेबाची खोली पाहण्यास आज दिवस पुरला नाही.

आपल्याकडे काटकसरीची चांगली सवय आहे. एका बाजूने छापलेले कागद फेकले जात नाहीत. त्यांचे चार तुकडे करून, कोपऱ्यात पिन मारून, पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे प्रत्येक काउंटरवर ठेवले जातात, आणि ग्राहकाला किंमत लिहून द्यायला, 'बुधवारी संध्याकाळी या' असे सांगायला तेच वापरले जातात. सिडकोच्या काउंटरवरचा असा एक गठ्ठा मी उलटून पाहिला. एका तुकड्याच्या मागे वर्कशॉपमधल्या एका कामगाराच्या बँक पासबुकाचे पहिले पान होते, खाते क्रमांकासह. दुसऱ्याच्या मागे आधार कार्डाची अर्धी झेरॉक्स होती. फोटो कापला गेला होता, पण बाराही अंक स्पष्ट वाचता येत होते. असे किती तुकडे ग्राहकांच्या खिशांतून शहरभर गेले असतील, ते आता कोणी सांगू शकणार नाही.

इथे कायद्याची एक मर्यादा नोंदवून ठेवतो, कारण हिशेबनिसांनी ती लगेच दाखवून दिली. नवा अधिनियम डिजिटल स्वरूपातल्या, किंवा कागदावर घेऊन नंतर डिजिटल केलेल्या, माहितीलाच लागू आहे. निव्वळ कागदावर राहिलेली वही त्याच्या कक्षेत येत नाही. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तरीही या प्रकल्पात कागद वगळायचे नाहीत, असे मी मालकांकडून मान्य करून घेतले. एक तर आपल्या झेरॉक्स बहुतेक संगणकात स्कॅन करूनच छापलेल्या असतात. आणि ज्याचा खाते क्रमांक दुसऱ्याच्या हाती पडला, त्या कामगाराला तो कागदावरून गेला की फाइलमधून, याने काय फरक पडतो?

कर्मचाऱ्यांच्या फायलींत काय आढळले, ते थोडक्यात लिहितो. आधार, पॅन, पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, काहींच्या फायलींत पत्नीचे आणि मुलांचे आधार, दोन जणांचे जुने रुग्णालयाचे कागद, आणि नोकरी न मिळालेल्या उमेदवारांचे अर्जही. भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा योजना यांसाठी आधार आणि कुटुंबीयांचा काही तपशील खरोखरच लागतो. पगारासाठी बँक खाते लागते. रेशन कार्ड कशासाठी घेतले, हे मात्र कोणालाच आठवेना. 'पूर्वीपासून घेतात' असे उत्तर मिळाले. ग्राहकांच्या बाबतीत तर एका जुन्या हप्ते योजनेच्या फायलीत आधारच्या झेरॉक्स होत्या. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायद्याच्या कलम ५७ मधील खाजगी आस्थापनांना आधार वापरू देणारा भाग रद्द केला आहे. चष्म्याच्या हप्त्यांसाठी आधार मागण्याला आपल्याजवळ काहीच कारण नव्हते.

आजचे निर्णय असे झाले. वैयक्तिक तपशील असलेला कागद पाठकोरा म्हणून वापरायचा नाही. त्यासाठी हिशेबाच्या खोलीत श्रेडर, म्हणजे कागद बारीक कापणारे यंत्र, बसेल. अशा कागदांची रद्दी विकली जाणार नाही. ओळखीचा पुरावा लागलाच तर शेवटचे चार अंकच दिसणारे मास्क केलेले आधार घ्यायचे, आणि त्यावर 'नोकरीच्या नोंदीसाठी' असा उद्देश व तारीख लिहायची. कारणाशिवाय आढळलेले कागद ज्याचे त्याला परत द्यायचे. परत द्यायचेच का, सरळ फाडून का नाही, असे धाकट्या मालकांनी विचारले. कागद हाती परत मिळाला की आपले काय काय दुकानाकडे होते, ते त्या माणसाला कळते. म्हणून परत द्यायचे.

शुक्रवार, २३ जानेवारी

बिलिंगच्या सॉफ्टवेअरला तिन्ही दुकानांत एकच 'अ‍ॅडमिन' खाते होते आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या खाली चिकटवलेला होता. प्रत्येकाला आजपासून वेगळे खाते. विक्रेत्याला आपल्या दुकानाचेच ग्राहक दिसतील. संपूर्ण यादी एक्सेलमध्ये उतरवून घेण्याचा अधिकार दोन्ही मालक आणि मी, इतक्यांनाच राहील. कोणी कधी काय उघडले याच्या नोंदी सॉफ्टवेअर ठेवते, पण ती सोय बंद केलेली होती; ती चालू केली. नियमांनुसार अशा नोंदी किमान एक वर्ष जपायच्या आहेत.

पगाराची शीट गूगल ड्राइव्हवर 'लिंक असलेल्या कोणालाही' दिसेल अशी होती. बंद केली.

सोमवार, २ फेब्रुवारी

ग्राहकांसाठीच्या सूचनेचा मसुदा तयार केला. इंटरनेटवर मिळणारे तयार मसुदे मी वाचले आणि बाजूला ठेवले. ते इंग्रजीत आहेत किंवा इंग्रजीतून ओढूनताणून आणलेल्या मराठीत आहेत, आणि मेन रोडवर नातवाबरोबर चष्मा घ्यायला आलेल्या आजींना त्यातले अक्षरही कळणार नाही. कायद्यानेही ही सूचना साध्या भाषेत असावी आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची मुभा ग्राहकाला असावी, असे सांगितले आहे. आमचा मसुदा असा आहे:

'चष्मा तयार झाल्याचा निरोप देण्यासाठी आम्ही तुमचा मोबाइल नंबर घेतो. डोळ्यांचे नंबर पुढच्या वेळी उपयोगी पडावेत म्हणून जपून ठेवतो. सवलतींचे संदेश हवे असतील तरच खाली खूण करा. खूण केली नाही तरी चष्मा, बिल आणि हमी यांत काही फरक पडणार नाही. तुमची माहिती पाहायची, दुरुस्त करायची किंवा काढून टाकायची असेल, तर काउंटरवर सांगा किंवा या क्रमांकावर कळवा.'

काउंटरवर याचा प्रयोग केला. एका बाईंनी मसुदा वाचून विचारले, 'आणि नंबर द्यायचाच नसला तर?' विक्रेत्याने माझ्याकडे पाहिले. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच किरकोळ विक्रेत्यांना, मोबाइल नंबर दिल्याशिवाय सेवा न देणे चुकीचे आहे, अशा आशयाच्या सूचना दिलेल्या आहेत. बाईंना जॉब क्रमांक आणि तारीख लिहिलेली पावती दिली आणि त्या समाधानाने गेल्या. मसुद्यात एका वाक्याची भर घातली: 'नंबर न देताही चष्मा घेता येतो, पावती जपून ठेवा.' बिलावर नंबर लागतोच, असा विक्रेत्यांचा समज होता. वस्तू व सेवा कराच्या नियमांत नोंदणी नसलेल्या ग्राहकाचे नाव आणि पत्ता पन्नास हजार रुपये किंवा त्याहून अधिक रकमेच्या बिलावरच अनिवार्य आहे. मोबाइल नंबराचा तर तेथे उल्लेखही नाही.

मुलांचा प्रश्न वेगळा आहे आणि आपल्या धंद्यात तो मोठा आहे, कारण जूनमध्ये शाळा सुरू होताना निम्मे ग्राहक शाळकरी असतात. कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे. त्याच्या माहितीसाठी आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर नजर ठेवणे किंवा त्यांना उद्देशून जाहिरात करणे यांस मनाई आहे. आरोग्यसेवा देणाऱ्यांना सेवेपुरती थोडी सूट आहे. डोळे तपासून नंबर नोंदवणे त्यात बसवता येईल. 'वाढदिवसानिमित्त कार्टूनच्या फ्रेमवर सूट' हा संदेश मात्र त्यात कोणत्याही बाजूने बसत नाही. तो कायमचा बंद केला, आणि मुलांच्या कार्डावर जन्मतारखेऐवजी पूर्ण झालेले वय लिहायचे ठरवले. मुलाचे कार्ड पालकाच्या समक्ष आणि पालकाच्या नंबराखालीच उघडले जाईल.

मंगळवार, १० फेब्रुवारी

आजची बैठक सर्वांत लांबली. विषय होता, जुन्या नोंदी किती वर्षे ठेवायच्या.

थोरल्या मालकांनी दुकान हातात घेतल्यापासूनची कार्डे जपून ठेवली आहेत आणि पुढे ती संगणकात चढवली गेली. त्यांचे म्हणणे मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत लिहितो: 'माणूस आठ वर्षांनी परगावाहून येतो, चष्मा गोदेत पडला म्हणतो आणि विचारतो, भाऊ, माझा नंबर आहे का तुमच्याकडे? तो मी काढून देतो. ही माझी पत आहे. ती तुम्ही पुसून टाकायला सांगता.'

हा युक्तिवाद भावनिक म्हणून सोडून देता येण्यासारखा नाही. जुना नंबर ग्राहकाच्याच उपयोगाचा आहे आणि नंबर किती वेगाने वाढला, हे कळणे डोळ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. कायदाही ठरावीक वर्षे सांगत नाही. तीन वर्षे वापर नसेल तर माहिती पुसावी, ही मुदत नियमांत आहे. पण ती दोन कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या ऑनलाइन विक्री कंपन्या आणि त्यांच्यासारख्या मोठ्यांसाठी आहे. आपल्यासारख्यांना मुख्यतः असे सांगितलेले आहे की उद्देश संपला आणि दुसऱ्या कोणत्या कायद्याने ठेवणे भाग नसेल, तर माहिती पुसा. उद्देश कधी संपतो, ते ज्याचे त्याने ठरवायचे आहे, आणि मला तर हेच कायद्यातले सर्वांत अवघड काम वाटते, कारण दुकानदाराच्या दृष्टीने ग्राहक कधीच जुना होत नाही.

शेवटी माहितीचे तुकडे पाडल्यावर वाट निघाली. ग्राहकाची नोंद ही एकच वस्तू आहे, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तिच्यात बिल आहे, डोळ्यांचे नंबर आहेत, संपर्क आहे, आजाराचा शेरा आहे आणि आवडीनिवडी आहेत, आणि प्रत्येकाचे आयुष्य वेगळे आहे. बिल करकायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून बहात्तर महिने ठेवावेच लागते. डोळ्यांचे नंबर ग्राहकाने 'जपून ठेवा' असे सांगितले असेल तर ठेवायचे, आणि पाच वर्षे तो फिरकला नाही तर एकदा संदेश पाठवून विचारायचे. उत्तर आले नाही तर नाव आणि मोबाइल काढून टाकायचे. आजाराचा शेरा चष्मा दिल्यानंतर एक वर्षाने पुसायचा, कारण जुन्या शेऱ्याचा पुढच्या तपासणीत उपयोग नसतो. तेव्हा पुन्हा विचारावेच लागते. जन्मतारीख, पत्ता आणि व्यवसाय हे रकाने मोठ्यांच्या कार्डावरूनही काढून टाकायचे.

थोरले मालक यावर राजी झाले. परगावाहून येणाऱ्या त्यांच्या माणसाला नंबर पुढेही मिळेल, फक्त आधी त्याला विचारलेले असेल. जुन्या कागदी कार्डांचे कपाट मात्र आपल्या हयातीत उघडू नका, असे ते म्हणाले. ते कपाट कुलपात राहील आणि त्याची किल्ली त्यांच्याकडेच राहील.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

अंबडच्या वर्कशॉपमध्ये कर्मचाऱ्यांची सभा झाली. नोकरीच्या कामासाठी लागणारी माहिती वापरण्यास मालकाला स्वतंत्र संमती घ्यावी लागत नाही, असे कायद्यात आहे, आणि धाकट्या मालकांना त्याचा आधार वाटत होता. संमती नको याचा अर्थ सांगायलाही नको, असा होत नाही. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तशीच राहते.

तक्रारी कोणत्या येतील याचा माझा अंदाज हजेरीच्या यंत्राबद्दल होता. तशी एक आलीही: सोडून गेलेल्या कामगारांचे बोटांचे ठसे यंत्रात अजून आहेत का? यंत्र सर्वांसमोर तपासले, होते. ते काढले, आणि यापुढे शेवटच्या पगाराच्या दिवशीच ठसे काढून त्याची नोंद करायचे ठरले. पण खरा राग पगाराच्या कागदावर निघाला. दर महिन्याला सर्वांच्या पगाराचा एकच तक्ता फिरवला जातो आणि प्रत्येक जण आपल्या नावापुढे सही करतो. कोणाची किती उचल आहे, कोणाचे किती खाडे झाले, हे सगळ्यांना दिसते. एका कारागिराने सांगितले की मुलीच्या लग्नासाठी घेतलेली उचल वर्कशॉपभर झाली आणि त्यावरून थट्टा झाली. गोपनीयता म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर चोर आणि हॅकर येतात. या माणसाचे दुखणे शेजारच्या बाकावरचे होते. पुढच्या महिन्यापासून प्रत्येकाला वेगळी पगारपत्रक स्लिप मिळेल, सहीही वेगळी.

कॅमेऱ्यांबाबत दोन निर्णय झाले. वर्कशॉपमधला कॅमेरा जेवणाच्या जागेकडून वळवून दाराकडे केला. सिडकोच्या दुकानातला, डोळे तपासण्याच्या खोलीतला कॅमेरा आवाजही टिपत होता. तो पूर्णपणे काढला. तपासताना लोक आपल्या आजाराचे बोलतात आणि ते ध्वनिमुद्रित करण्याचे कोणतेही कारण मालकांना देता आले नाही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आपली माहिती ज्या बाहेरच्यांच्या हाती जाते, त्यांची यादी केली: बिलिंग सॉफ्टवेअरचा विक्रेता, सनदी लेखापाल, लेन्स पुरवठादार, कॅमेऱ्यांची देखभाल करणारा ठेकेदार. त्यांच्याकडून माहिती फुटली तरी कायद्याने उत्तरदायी आपणच असतो, त्यामुळे लेखी करार हवेत. लेखापालांच्या कार्यालयाने एका पानाच्या पत्रावर त्याच दिवशी सही केली आणि पगाराची फाइल यापुढे पासवर्ड घालूनच पाठवा, पासवर्ड फोनवर सांगा, असे उलट त्यांनीच सुचवले. कॅमेऱ्यांच्या ठेकेदाराला करार हा शब्दच नवा वाटला. त्याच्याकडे सगळ्या गिऱ्हाइकांच्या डीव्हीआरचा (कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा) पासवर्ड एकच आहे, असे बोलता बोलता कळले. आपला त्याच दिवशी बदलला.

शुक्रवार, ६ मार्च

आज सराव केला. कॉलेज रोडच्या दुकानाचा फोन रिक्षात राहिला असे गृहीत धरले आणि विक्रेत्यांना विचारले, पुढे काय करायचे? पहिले उत्तर होते 'त्याच नंबरवर फोन लावून बघू', दुसरे 'भाऊंना आत्ताच सांगायला नको'. दुसरे उत्तर जास्त धोक्याचे आहे. रागावण्याच्या भीतीने माणूस दोन दिवस गप्प बसतो आणि नेमके तेच दोन दिवस महत्त्वाचे असतात. थोरल्या मालकांनी स्वतः सर्वांसमोर सांगितले की फोन हरवल्याबद्दल कोणाला बोलणी बसणार नाहीत, लपवल्याबद्दल बसतील.

क्रम लिहून काउंटरच्या आतल्या बाजूस लावला. प्रथम मालक किंवा मला कळवणे; लगेच फोन दुरून बंद करून पुसणे, सिम बंद करणे, व्हॉट्सअ‍ॅपची जोडलेली उपकरणे तोडणे; पैशांची फसवणूक झाल्याचा संशय असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार. नियम पूर्णपणे लागू झाल्यावर ज्यांची माहिती गेली त्या ग्राहकांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विलंब न करता कळवावे लागेल, आणि मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यावा लागेल. सायबर घटनांच्या बाबतीत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे तिला कळवायला सहा तासांची मुदत आजही आहे. ग्राहकांना पाठवायचा संदेश शांत डोक्याने आताच लिहून ठेवला: काय गेले, त्याचा काय गैरवापर होऊ शकतो, त्यांनी काय करावे, कोणाला विचारावे.

मंगळवार, १७ मार्च

पाडव्याचा संदेश आज गेला. ज्यांनी खूण केली होती त्यांनाच, दुकानाच्या फोनवरून आणि खाली 'हे संदेश नको असल्यास नको असे लिहून पाठवा' या ओळीसह. यादी संक्रांतीच्या यादीपेक्षा बरीच लहान होती, हे पाहून धाकटे मालक थोडे हिरमुसले. त्यातल्या काहींनी दुपारपर्यंत उलट विचारणा केली. तेवढ्यावरून विक्रीबद्दल काही अनुमान काढणे घाईचे होईल, म्हणून काढत नाही.

नव्या जॉब कार्डांचा वापर तिन्ही दुकानांत सुरू आहे. मेन रोडला दोनदा पाकिटावर सवयीने नाव लिहिले गेले. वर्कशॉपच्या काकांनी ती पाकिटे फिटिंग न करता परत पाठवली, त्यामुळे तिसऱ्यांदा तसे झाले नाही. कर्मचाऱ्यांचे जादा कागद परत देऊन झाले, फक्त गावी गेलेल्या दोघांचे राहिले आहेत. माहिती पाहण्याची किंवा पुसण्याची मागणी आल्यास ती नोंदवण्यासाठी वही ठेवली आहे; कायद्याने तक्रारीच्या निवारणास कमाल नव्वद दिवसांची मुदत दिली असली तरी आपण पंधरा दिवस धरले आहेत. पहिली मागणी आली आहे: एका ग्राहकाला सगळे पुसून हवे आहे, पण त्याचे बिल गेल्या वर्षीचे असल्याने ते ठेवावे लागेल. तसे त्याला मराठीत कारणासह लेखी कळवायचे आहे.

कॅमेऱ्यांच्या ठेकेदाराची सही अजून बाकी आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ती झाली नाही, तर देखभालीचे काम दुसऱ्याला द्यावे, असे मालकांना लिहून दिले आहे.